तिरपी करडगी

नळदुर्गच्या बाजारपेठेत 'शिवकन्या लेडीज कॉर्नर' नावाचं एक चिंचोळं दुकान आहे. पुढं बांगड्या, टिकल्या, साडीपिना. मागं पडदा. पडद्यामागं परकर, गाऊन आणि ज्यांचं नाव बायका मोठ्यानं घेत नाहीत ते कपडे. गिऱ्हाईक आत येतं आणि भिंतीकडं बघत "ते दाखव गं" एवढंच म्हणतं. शिवलीलाला तेवढं पुरतं. ती एकदा नजर टाकते, स्टुलावर चढते आणि काढते तो डबा बरोबर असतो. एखादी म्हणते, "चौतीस दे." शिवलीला शांतपणे सांगते, "काकू, चौतीस तुमच्या लग्नात होतं. हे छत्तीस न्या, जेवल्यावर श्वास घेता येईल." निम्म्या गावाची मापं तिच्या डोक्यात आहेत आणि तिनं ती आजवर कुणाला सांगितलेली नाहीत. गल्लीला तिच्याबद्दल एवढी एकच तक्रार आहे.

खुद्द तिचं माप मात्र कुणी विचारायची गरज नव्हती. तुळजापूरला कॉलेजात होती तेव्हा पोरींनी तिला 'पाटी' नाव ठेवलं होतं. लग्नात नणदांनी ते कुठून तरी मिळवलं आणि उखाण्यात घातलं. शिवलीला हसली होती. चेष्टा झाली की आपणच सगळ्यांच्या आधी हसायचं, ही तिची जुनी सवय. पुढं लेक झाली, शिवकन्या, ती आता लातूरला शिकायला असते. तिला पाजण्यात जे काय थोडंथोडकं होतं तेही गेलं. मग शिवलीलानं स्वतःच्याच दुकानातले स्पंजचे पॅड लावायला सुरुवात केली. सकाळी शटर वर करायच्या आधी ते लावायचे, संध्याकाळी घरी आल्यावर काढून उशीखाली ठेवायचे. दुसऱ्यांना बरोबर बसेल ते शोधून देणारी बाई रोज संध्याकाळी स्वतःचा अर्धा भाग काढून ठेवते, असं तिच्या मनात यायचं. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. कुणी ऐकलं असतं तर पुन्हा हसावं लागलं असतं.

तिचा नवरा शिवशरण हायवेवर खानावळ चालवतो. शुद्ध शाकाहारी, शेंगाची चटणी मागेल तेवढी. माणूस कमी बोलतो आणि जे बोलतो ते मीठ टाकल्यासारखं, चिमटीनं. शिवलीलानं मोबाइलवर महिनोन्महिने बघून, वाचून, पुसून टाकून, पुन्हा बघून शेवटी त्याच्यापुढं विषय काढला, तेव्हा तो कांदा निवडत होता.

"आसलं ऑपरेशन असतंय व्हय?" तो म्हणाला.

"असतंय."

"कुणासाठी करायचंय?"

"म्हणजे?"

"म्हंजे माझ्यासाठी आसंल तर नको. माझी काय तक्रार न्हाय."

"तुमच्यासाठी न्हाय."

"मंग कुणासाठी?"

तिला उत्तर देता आलं नाही आणि त्याचाच राग आला. ती तरातरा उठून गेली. शिवशरणनं कांदे निवडून झाल्यावर हात धुतले आणि जेवताना विचारलं, "कधी जायचं?"

सोलापूर जवळ, पण सोलापूरच्या कुठल्याही दवाखान्यात बाकावर दोन माणसं नळदुर्गची असतातच. म्हणून हैदराबाद. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी टेबलावर छातीत बसवायचे दोन नमुने ठेवले आणि हिंदीतून सावकाश सांगितलं. एक गोल, चपट्या लाडवासारखा, गुळगुळीत. यानं वरचा भाग भरलेला दिसतो. आत फिरला तरी गोलच, बाहेर काही कळत नाही. दुसरा थेंबासारखा, वर निमुळता, खाली भरलेला. हा जास्त नैसर्गिक दिसतो. पण तो जागचा हलू नये म्हणून त्याचं अंग खरखरीत केलेलं असतं, आणि तरीही फिरलाच तर भरलेली बाजू भलतीकडं जाते आणि आकार बिघडतो. "हा घेतला तर चोळायचं नाही, रगडायचं नाही," बाई म्हणाल्या. मग दोन्हींना लागू असलेलं सांगितलं. शरीर त्याच्याभोवती पडदा धरतं, तो कधी आवळून कडक होतो. बसवलेला नमुना आत फाटला तरी पुष्कळदा बाहेरून कळत नाही, म्हणून अधूनमधून तपासायचं. जंतू शिरू शकतात. जन्मभर टिकेल असं धरून चालायचं नाही, कधीतरी बदलावा लागतो. आणि खरखरीत अंगाच्या प्रकाराशी फार क्वचित एक कॅन्सरही जोडला गेलाय. वर्षांनी अचानक सूज आली तर थांबायचं नाही, यायचं.

शिवलीलानं हे सगळं ऐकलं. गिऱ्हाईक कपड्यावरच्या धुण्याच्या सूचना ऐकतं तसं. मान हलत होती आणि नजर थेंबावर होती.

"हा. कुणाला कळायला नको," ती म्हणाली.

दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर हुमनाबादची सिमरन होती. बायकांची जिम चालवणारी, तोंडानं फटकळ. तिनं गोल घेतले होते. तिच्या डॉक्टरांनी तिला टाके सुकल्यावर हलक्या हातानं वर-खाली करायला सांगितलं होतं. दोघींनी पडल्या पडल्या आपापल्या निवडीची तुलना केली, एखादीनं पैठणी घेतली आणि दुसरीनं इरकल, असं समजून. "दिखने के वास्ते किया मैं तो," सिमरन म्हणाली. "तू कैकु छुपाती?" शिवलीला म्हणाली, "आमच्यात चालत न्हाय." सिमरन म्हणाली, "हमारे में कौनसा चलता?" आणि हसता हसता तिचे टाके ओढले गेले.

पण घरी काय सांगायचं, हे शिवलीलानं निघायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. आणि इथंच तिची चूक झाली.

घरी सासू, पार्वतम्मा. माहेर आळंदकडचं, त्यामुळं मराठीत अर्धं कन्नड. घर लिंगायत; सासूला या घरात 'अत्ती' म्हणायचं. सगळ्यांच्या गळ्यात शिवदारा नावाचा दोरा, त्यात चांदीची गोल डबी, तिला करडगी म्हणतात, आणि करडगीत इष्टलिंग. ते छातीशी राहतं, अंगावेगळं होत नाही. रोज सकाळी सासू-सुना पूजेला शेजारी बसतात, विभूती लावतात, लिंग तळहातावर घेतात, पूजा झाली की करडगीत ठेवून पदराखाली घेतात. हैदराबादला ऑपरेशनच्या टेबलावर सगळं काढायला लावलं तेव्हासुद्धा शिवलीलानं नर्सशी वाद घालून करडगी कापडात गुंडाळून मनगटाला बांधून घेतली होती. सांगायचा मुद्दा, बाई अधर्मी नव्हती. फक्त खोटं बोलली.

पार्वतम्मांची धाकटी बहीण नीलव्वा. तिला छातीत गाठ झाली होती. तिनं ती पदराखाली लपवून ठेवली, कुणाला दाखवली नाही, आणि दाखवली तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून या घरात 'गाठ' म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. माणसं उठून पाणी प्यायला जातात. शिवलीलाला हे पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच तिनं तोच शब्द वापरला. "अत्ती, छातीत बारीक गाठ हाय. साधीच हाय म्हणतेत. हैदराबादला काढून घेते."

पार्वतम्मा पाणी प्यायला उठल्या. पुढं एकही प्रश्न नाही. शिवलीलाला वाटलं, किती सोपं होतं.

ती घरी परतली तेव्हा तिची सरबराई बाळंतिणीसारखी झाली. गल्लीतल्या बायका शहाळी घेऊन आल्या, डोळे बारीक करून बघून गेल्या. काहींना ती 'भरल्यासारखी' वाटली. पार्वतम्मांनी सांगितलं, "सूज हाय ती." टाके सुकले आणि पार्वतम्मांनी बाळंतिणींना तेल लावणाऱ्या जमिलाबीला बोलावणं धाडलं.

जमिलाबीचं हे घर जुनं. शिवशरणच्या वेळी पार्वतम्माला तिनं तेल लावलेलं, शिवकन्येच्या वेळी शिवलीलाला. हाताला अजून जोर, तोंडाला त्याहून जास्त. कापलेल्या अंगात रक्त फिरलं पाहिजे, नाहीतर ते आत गोठून राहतं, ही तिची खात्री. पार्वतम्माचीही.

"नको बी, डॉक्टरनं नको म्हटलंय," शिवलीला म्हणाली.

"डॉक्टरला काय ठाव? त्यानं कापलं आन् गेला. मागं निस्तरायचं कुणी?"

"आगं लावून घे की," पार्वतम्मा म्हणाल्या. "नीलव्वानं कुणाला हात लावू दिला न्हाय." एवढंच म्हणून त्यांनी चटई अंथरली.

आता नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागणार. शिवलीला डोळे मिटून पडली. मनात सिमरन आठवली. तिला तर मालिश करायलाच सांगितलंय की, मग आपल्याला थोड्यानं काय होतंय. वांगं आणि लिंबू एकाच टोपलीत असले म्हणून एकाच हातानं चिरायचे नसतात, हे तिला तेव्हा सुचलं नाही. जमिलाबीनं कोमट तेल घेतलं आणि भक्तिभावानं रगडलं. "ह्ये काय घट घट लागायलंय गं?" "आतून टाके हायेत, बी." "मंग तर सैल केलंच पायजे." आठवडाभर हे चाललं. जमिलाबीनं चहाशिवाय काही घेतलं नाही.

पुढं बरेच दिवस सगळं छान होतं. शिवलीलानं पॅडचा डबा दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवर टाकून दिला. आरशासमोर थोडा जास्त वेळ उभी राहू लागली. निळा ब्लाऊज शिवून घेतला. शिवशरणनं तो बघून "बरा हाय" म्हटलं, म्हणजे त्याच्या हिशोबानं काव्यच झालं.

आणि एक दिवस पूजा झाल्यावर पार्वतम्मा म्हणाल्या, "लीला, तुझी करडगी तिरपी का बसायलीय?"

शिवलीलानं खाली बघितलं. जी करडगी इतकी वर्षं जवळजवळ मधोमध असायची, ती उजवीकडं कललेली होती. "दोरा पीळ खाल्लाय," ती म्हणाली. पार्वतम्मांनी शिवदारा सोडवून सरळ केला. दुसऱ्या दिवशी करडगी पुन्हा उजवीकडं. त्यांनी दोरा आखूड केला. करडगी वर चढली, पण गेली उजवीकडंच. डावीकडून कुणीतरी तिला ढकलतंय असं दिसत होतं.

आरशापुढं शिवलीलानं पाहिलं ते असं. उजवी बाजू होती तशीच. डावीकडचा थेंब आडवा झाला होता. भरलेला भाग आत सरकून मधोमध आला होता आणि काखेकडची बाजू बसली होती. तिनं दुकानातली आपल्या मापाची प्रत्येक वस्तू लावून पाहिली. गावाला बरोबर बसवून देणाऱ्या बाईला स्वतःसाठी एकही डबा सापडेना. ती पडद्यामागं परकरांच्या ढिगावर बसली आणि सिमरनला फोन लावला.

"फिरा तेरा," सिमरननं ऐकताच सांगितलं. "हौ, वो थेंबवाले का येइच लफडा है."

"तुझं बरं हाय बाई, गोल."

"क्या बरं? मेरा फिरता भी होंगा तो किसको मालूम. मगर मेरा एक बाजू पत्थर हो गया. दंड मारती मैं तो दुखता." मग ती म्हणाली, "तू फिर भी नरम है ना? नसीबवाली."

इतका वेळ शिवलीलाला वाटत होतं की आपण चुकीचा नमुना उचलला. सिमरनला तेच वाटत होतं, फक्त उलट्या बाजूनं.

पार्वतम्मांना तुळजापूरला मामेबहिणीकडं जातेय असं सांगून शिवलीला शिवशरणबरोबर हैदराबादला गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली. फाटलेलं नाही, आत पाणी जमलेलं नाही, फक्त फिरलंय. "रगडलं होतं का?"

"घरी मालिश झालं."

"मी नको म्हटलं होतं. घरच्यांना सांगितलं नाही का?"

शिवशरण छताकडचा पंखा बघत बसला.

"हे मालिशनंच झालं असं छातीठोक नाही सांगता येत, कधी आपोआपही फिरतं," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी रस्ते सांगितले. तोच थेंब पुन्हा सरळ करून जागा घट्ट शिवायची. पण एकदा फिरलेला पुन्हा फिरू शकतो, आणि घरात सगळ्यांना माहीत हवं की हात लावायचा नाही. किंवा दोन्हीकडं गुळगुळीत गोल बसवायचे. फिरले तरी आकार बदलत नाही, मात्र पडदा आवळण्याची भीती राहतेच, आणि वरचा भाग थोडा उठून दिसेल. किंवा काढून टाकायचे. त्वचा थोडी सैल पडेल, पण पुढची कटकट संपली. "विचार करून सांगा. घाई नाही."

परतीच्या बसमध्ये शिवलीलानं विचार केला तो असा. गोल घ्यायचे. गोल घेतले की कुणाला काही सांगायची गरजच नाही. जमिलाबी रगडो, अत्ती दोरा बांधो, आत काय हवं तेवढं गरगर फिरो, बाहेर सगळं सरळ. घरी म्हणायचं, गाठीचं थोडं काम राहिलं होतं. शब्द तयार होता. पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. हुमनाबाद मागं पडलं तेव्हा तिचं ठरलंही होतं, आणि तिला हलकं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही.

घरी पोचली तर ओसरीवर पार्वतम्मा आणि जमिलाबी शेजारी-शेजारी बसलेल्या. दोघींची पाठ दाराकडं. शिवशरण रिक्षावाल्याशी बोलत मागं राहिला होता. शिवलीलानं चप्पल काढता काढता ऐकलं.

"खरं सांग जमिला. नीलव्वाला तूच शेवटी अंघोळ घालत होतीस. तिचं लागलं व्हतं तसंच लागलं का हिचं?"

जमिलाबीचा आवाज इतका बारीक कधी कुणी ऐकला नसेल. "टणक लागलं गं पार्वती. तवा बोलले न्हाय म्या. आन् आता ती करडगी सरकायली म्हणतीस." तिनं हात पदराला पुसले. "म्या रगडलं म्हणून तर न्हाय ना ते पसरलं? माझ्या हातानं?"

"तुज्या न्हाय. बोलावलं म्या."

"तू बोलावलं, पर हात तर माझेच व्हते की."

"म्या दोन्ही येळचं मीठ सोडलंय," पार्वतम्मा म्हणाल्या. "देवाला म्हटलं, हिच्याऐवजी काय न्यायचं ते माझं ने."

शिवलीलाच्या हातात एक चप्पल तशीच राहिली. सुनेच्या पानात चटणी वाढताना अत्ती स्वतः का घेत नाहीत, हे तिच्या आता लक्षात आलं. तिला वाटलं होतं, पित्त झालं असेल.

ती आत गेली आणि दोघींच्या मध्ये जमिनीवर बसली.

"अत्ती, गाठ न्हवती."

"आं?"

"गाठ कधीच न्हवती. मी खोटं बोलले. बी, तुमच्या हातानं काय पसरलं न्हाय. पसरायला काय न्हवतंच."

मग तिनं सांगितलं. सांगताना शब्द सापडेनात, म्हणून उठून स्वयंपाकघरातून टोपली आणली. लिंबू हातात घेतलं. "ह्ये गोल. कसंबी फिरवा, लिंबू लिंबूच." मग एक वांगं उचललं, देठाकडं निमुळतं, खाली भरलेलं. "मी ह्ये घेतलं. ह्ये उभं हाय तवर बरं. आडवं झालं की," आणि तिनं ते तळहातावर आडवं केलं, "आसं."

जमिलाबी वांग्याकडं बघत राहिली. मग शिवलीलाच्या छातीकडं. मग पुन्हा वांग्याकडं.

"म्हंजे आत... काय हाय?"

"सिलिकॉन. मऊ रबरासारखं असतंय."

"या अल्ला," जमिलाबी म्हणाली. "म्हंजे म्या आठवडाभर सोन्यासारखं तीळतेल रबराला पाजलं?"

तिच्या नाकातून आवाज फुटला, मग तिला हसू आवरेना, आणि हसता हसता ती पदरात तोंड घालून रडायला लागली. शिवलीलाही सवयीनं हसली. पार्वतम्मा हसल्या नाहीत. त्या उठल्या, पाणी प्यायला गेल्या, आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर त्या बोलेनाशा झाल्या. भांडण नाही, टोमणा नाही. सकाळी पूजेला शेजारी बसायच्या, पण सुनेकडं विभूतीची वाटी सरकवायच्या नाहीत. शिवलीला हात लांबवून घ्यायची. मीठ खायला लागल्या, एवढंच बरं. शिवशरण दोघींच्या मध्ये बसून जेवायचा आणि कुणालाच काही मागायचा नाही; चटणी हवी असली तरी उठून स्वतः घ्यायचा.

मग एका दुपारी, बाजार सुस्त असताना, पार्वतम्मा दुकानात आल्या. उघडल्यापासून या दुकानात त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता; पडद्यामागं काय टांगलंय याची त्यांना लाज वाटायची. आज सरळ पडदा सारून आत गेल्या आणि स्टुलावर बसल्या. डोक्यावर लाल-गुलाबी कपड्यांच्या माळा लटकत होत्या. त्यांनी वर बघायचं टाळलं.

"कुणासाठी केलंस?"

तोच प्रश्न. या वेळी शिवलीला उठून गेली नाही. आपल्याच दुकानातून उठून जाणार तरी कुठं? "संध्याकाळी पॅड काढून उशीखाली ठेवायची, अत्ती. रोज. मला ते ठेवायचं न्हवतं. बाकी कुणाचा संबंध न्हाय त्यात."

"तेवढ्यासाठी?"

"तेवढ्यासाठीच."

पार्वतम्मांनी समोरचा एक डबा उगाच सरळ केला. "मला त्याचं काय न्हाय. कानाला भोकं पाडतो, नाकाला पाडतो, तसलंच कायतरी." मग त्यांचा आवाज बदलला. "पर गाठ म्हणायचं न्हवतं. नीलव्वानं मला कळू दिलं न्हाय, म्हणून म्या इतकी वर्सं सोताला खाल्लं. आन् तू... तू माझ्या बहिणीचं मरण उचलून आणलंस, मला गप करायला."

शिवलीला या वेळी हसली नाही. तिला पहिल्यांदा कळलं की आधी हसून टाकायची सवय प्रत्येक ठिकाणी उपयोगाची नसते. "चुकलं, अत्ती," ती म्हणाली.

बाहेरून कुणीतरी टिकल्या मागितल्या. शिवलीला देऊन आली तेव्हा पार्वतम्मा तिथंच होत्या.

"पुढं काय करायलीस मग? गोल, का तसलंच?"

"गोल घ्यायचं ठरवलं होतं. सांगावं लागू नये म्हणून. आता सांगून झालंय, तर नीट बघून ठरवीन म्हणते."

"काढून न्हाय टाकायचं?"

"मला काढायचं न्हाय."

पार्वतम्मा स्टुलावरून उठल्या. "मी येते संगं," त्या म्हणाल्या आणि डोक्यावरचा पदर सावरून, माळांना न शिवता, वाकून बाहेर गेल्या.

हैदराबादला त्या डॉक्टरीणबाईंच्या समोरच्या खुर्चीत टेकून बसल्या, जणू दवाखाना त्यांच्या माहेरचा. शिवलीलानं या वेळी एकेक गोष्ट विचारली. आधी कानाआड गेलेल्या सूचना पुन्हा ऐकल्या. आणि शेवटी गुळगुळीत गोलच घेतले, पण पहिल्यापेक्षा लहान. छाती अरुंद आहे, लहान गोल फार उठून दिसणार नाही, आणि पुन्हा फिरण्याच्या धास्तीत झोपायचं नाही, हे तिचं कारण. पूर्वीचं कारण मधून निघून गेल्यावरही उत्तर तेच आलं, याची तिला जरा गंमत वाटली. पार्वतम्मांनी एकच प्रश्न विचारला, तो शिवशरणनं हिंदी करून सांगितला.

"फुटलं तर?"

"आतला गर घट्ट असतो, लगेच पसरत नाही. पण कळतही नाही. म्हणून काही वर्षांनी तपासायला यायचं. पुढं कधीतरी बदलावंही लागेल."

"म्हंजे येत राहायचं."

"येत राहायचं."

"मंग रस्ता बरा झालाय ते बरं हाय," पार्वतम्मा म्हणाल्या.

ऑपरेशनला नेताना करडगी कापडात गुंडाळून मनगटाला बांधली ती पार्वतम्मांनी. नर्स काही बोलणार होती. म्हातारीचा चेहरा बघून बोलली नाही.

नळदुर्गला परतल्यावर पुन्हा शहाळी आली, पुन्हा डोळे बारीक झाले. जमिलाबीही आली, तेलाची बाटली घेऊनच. पार्वतम्मांनी तिला ओसरीवरच थांबवलं. "पायाला लाव. गुडघ्याच्या वर जायचं न्हाय." जमिलाबी म्हणाली, "वांगं हाय का लिंबू, तेवढं तरी सांग." "पाय हायेत, पाय," पार्वतम्मा म्हणाल्या. मग जमिलाबीनं पायांना असं तेल लावलं की शिवलीलाला दुपारीच झोप लागली.

समोरच्या घरातली एक मावशी, जिला गावातलं सगळं आधी कळावं लागतं, ती शहाळं ठेवून पार्वतम्मांच्या जवळ सरकली आणि दुःखी चेहरा करून हळूच म्हणाली, "गाठ पुन्हा आली म्हणं बाई?"

"गाठ न्हाय," पार्वतम्मा म्हणाल्या. सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "माझ्या सुनेला गाठ न्हवती, आन् न्हाय."

"मग दोनदा ऑपरेशन कशाचं?"

"ते तिला विचार. पंधरवड्यानं दुकान उघडंल."

दुकान उघडल्यावर मावशी पहिली गिऱ्हाईक होती. टिकल्यांचं पाकीट हातात घेऊन तिनं इकडं तिकडं बघितलं, पडदा सारून आत गेली आणि विचारलं. शिवलीलानं स्टूल पुढं केलं, म्हणाली, "बसा, वेळ लागेल," आणि सगळं सांगितलं. गोल काय, थेंब काय, फिरणं काय, कडक होणं काय, जन्मभर तपासत राहणं काय, आणि सासूशी काय खोटं बोलली तेही. मावशी आत शिरली होती ती गावाला सांगायला मिळेल म्हणून. बाहेर आली तेव्हा तिच्याकडं सगळं होतं, फक्त लपवलेलं असं काही नव्हतं, आणि त्यामुळं ते सांगताना पूर्वीसारखी मजा येईना. तरी तिनं सांगितलंच. संध्याकाळपर्यंत पेठेला ठाऊक झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपल्यावर पार्वतम्मांनी विभूतीची वाटी सुनेकडं सरकवली आणि तिच्या करडगीकडं डोळे बारीक करून बघितलं.

"अजून जरा उजवीकडंच हाय."

"अत्ती, ती पहिल्यापासून एवढी उजवीकडंच असायची. तुम्ही तवा बघत न्हवता."

पार्वतम्मांनी तरी हात पुढं केला, दोरा चाचपला, आणि होता तसाच सोडला.